एडीएचडीची गोळी लक्ष वाढवतच नाही? मग ती करते तरी काय?

डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मावशीने व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. खाली एकच ओळ होती : "अरे, हे खरं आहे का? बंद करू का मग गोळी?"

बातमीचा मथळा इंग्रजीत होता. अर्थ साधारण असा, की एडीएचडीची औषधं मेंदूच्या 'लक्ष देणाऱ्या' यंत्रणेवर काम करतच नाहीत. मावशीचा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि गेलं वर्षभर त्याला मिथाइलफेनिडेट चालू आहे. दर महिन्याला बार्शीहून सोलापूरला जायचं, चिठ्ठी घ्यायची, गोळ्या शोधायच्या, आणि घरी आल्यावर "एवढ्याशा पोराला मेंदूची गोळी कशाला?" हे सासरच्यांकडून ऐकून घ्यायचं. एवढं सगळं करून आता अमेरिकेतले शास्त्रज्ञच म्हणतात की गोळी लक्षासाठी नाही, म्हटल्यावर ती हबकणारच.

मी तिला लिहिलं, "उद्याची गोळी दे. मी वाचून फोन करतो." मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण मूळ पेपर वाचून बघायला काही हरकत नव्हती. वाचला, आणि बातमीच्या मथळ्यातून मावशीला जे कळलं त्याच्या जवळजवळ उलटं पेपरमध्ये लिहिलेलं सापडलं. हीच बातमी अनेकांच्या ग्रुपवर फिरली असणार, म्हणून इथे नीट मांडतो.

पेपरमध्ये काय आहे

'सेल' या नियतकालिकात आलेला हा अभ्यास सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या बेंजामिन के आणि निको डोसेनबाख यांच्या गटाचा. अमेरिकेत एबीसीडी नावाचा एक प्रचंड प्रकल्प चालू आहे. त्यात हजारो मुलांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं घेतले जातात. त्यातल्या ८ ते ११ वयाच्या सुमारे ५,८०० मुलांचे स्कॅन या गटाने तपासले. काही मुलांनी स्कॅनच्या दिवशी एडीएचडीची गोळी घेतलेली होती, बहुतेकांनी नव्हती. दोन्हींत मेंदूचे कुठले भाग एकमेकांशी वेगळ्या प्रकारे 'बोलतात' ते बघायचं, एवढी साधी कल्पना. मग हाच निष्कर्ष पडताळायला एडीएचडी नसलेल्या मोजक्या प्रौढांना मिथाइलफेनिडेट देऊन त्यांचे प्रदीर्घ स्कॅन घेतले.

अपेक्षा अशी की लक्ष केंद्रित करण्याशी जोडलेल्या जाळ्यांमध्ये फरक दिसेल. तिथे विशेष काही दिसलं नाही. फरक दिसला तो दोन ठिकाणी. एक, शरीर हलवण्याशी आणि जागेपणाशी संबंधित भागात. दोन, 'या कामात काही मिळण्यासारखं आहे का' हे ठरवणाऱ्या भागात. संशोधकांचं म्हणणं असं, की गोळी मेंदूला जागं ठेवते आणि कंटाळवाण्या कामालाही आगाऊ बक्षीस मिळाल्यासारखं वाटायला लावते. त्यामुळे मूल कामाला चिकटून राहतं.

म्हणजे गोळी काम करत नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. ती काम करते, फक्त आपण समजत होतो त्या दारातून आत शिरत नाही.

इथे एक माझी शंका, इंजिनिअर म्हणून. हे स्कॅन 'रेस्टिंग स्टेट' आहेत. मूल मशीनमध्ये निवांत पडलेलं आहे, कुठलंही काम करत नाही. सर्व्हरवर लोड नसताना त्याचं प्रोफाइलिंग केलं तर बरंच काही कळतं, पण ट्रॅफिक आल्यावर काय होईल ते सगळं कळत नाही. त्यामुळे 'लक्षाच्या जाळ्यांवर शून्य परिणाम' हे वाक्य मी तरी जरा हात राखूनच वाचेन. पण दिशा मला पटते, आणि ती का पटते त्यासाठी आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा.

डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' नाही

रील्सवर डोपामिनचं पार लोणचं घातलेलं आहे. डोपामिन डिटॉक्स काय, डोपामिन हिट काय. एडीएचडी म्हणजे डोपामिन कमी, गोळी म्हणजे डोपामिनचं टॉपअप, विषय संपला. प्रकरण इतकं सरळ नाही.

मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा दोघींमधल्या सूक्ष्म फटीत रसायन सोडते. समोरच्या पेशीवरचे रिसेप्टर ते पकडतात. निरोप पोचला की उरलेलं रसायन तिथेच साचून चालत नाही, नाहीतर पुढचा निरोप वेगळा कळणार कसा? म्हणून पहिल्या पेशीच्या भिंतीवर छोटे पंप असतात, ते रसायन परत आत ओढतात. डोपामिनचा पंप वेगळा, नॉरएपिनेफ्रिनचा वेगळा. एडीएचडीच्या औषधांची बरीचशी गोष्ट या दोन पंपांभोवती फिरते.

डोपामिनचं मुख्य काम मजा देणं नाही. 'हे करण्यासारखं आहे, इकडे वळ, इथेच थांब' असा भाव लावणं, हे त्याचं काम. मंडईत शंभर जण ओरडत असतात, पण आपण एका गाळ्यापाशी थांबतो, तसं. मेंदूपुढे प्रत्येक क्षणी अनेक पर्याय असतात : समोरचं गणित, खिडकीबाहेरचा कुत्रा, खिशातला फोन, मघाशी झालेलं भांडण. कुठे थांबायचं ते ठरवताना मेंदूच्या आतल्या भागातला स्ट्रायटम हा किंमत लावतो, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स 'आत्ता काय करायचं ठरलं होतं' ते लक्षात धरून बाकीच्यांना गप्प करतो. एडीएचडीमध्ये ही किंमत लावण्याची आणि धरून ठेवण्याची व्यवस्था वेगळी चालते. दूरच्या फायद्याला, म्हणजे परीक्षेतल्या मार्कांना, भाव कमी लागतो. समोरच्या कुत्र्याला जास्त.

म्हणूनच एडीएचडी असलेलं मूल क्रिकेटची मॅच तीन तास हलल्याशिवाय बघू शकतं. "टीव्हीपुढे बरा बसतो, अभ्यासालाच बरी अंगात किडे येतात" हे वाक्य मावशीच्या घरी मी स्वतः ऐकलंय. त्याला लक्ष देता येत नाही असं नाही. कुठे द्यायचं याचं सुकाणू त्याच्या हातात नीट येत नाही.

मेंदूची वाढही थोडी मागे चालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं, की मेंदूच्या बाह्य थराची जाडी सर्वाधिक होण्याचं मधलं वय इतर मुलांत साडेसात होतं, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. क्रम तोच, गाडी तीन वर्षं उशिरा. सर्वांत जास्त उशीर प्रीफ्रंटल भागात होता. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडीत माणसा-माणसांतला सुमारे ७४ टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडलेला आहे. त्यामागे एखादं खलनायक जनुक नाही, खूप जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे. "आईने लाडावून ठेवलंय" या निदानाला मात्र या आकड्यात फारशी जागा उरत नाही.

गोळी पंपावर बोट ठेवते

मिथाइलफेनिडेट डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या दोन्ही पंपांच्या तोंडावर बोट ठेवतं. सोडलेलं रसायन फटीत जरा जास्त वेळ राहतं, निरोप ठळक होतो. नोरा वोल्कोव यांच्या गटाने नव्वदच्या दशकात पेट स्कॅनवर दाखवलं होतं, की तोंडाने घेतलेल्या नेहमीच्या डोसने स्ट्रायटममधले निम्म्याहून जास्त डोपामिन पंप अडतात. ॲम्फेटामिन, म्हणजे अमेरिकेतलं ॲडरॉल वगैरे, याहून पुढे जातं. ते पंप उलटे फिरवून पेशीतलं रसायन बाहेर ढकलतं.

प्रीफ्रंटल भागात एक गंमत आहे. तिथे डोपामिनचे पंप फार थोडे. तिथलं डोपामिनही बरंचसं नॉरएपिनेफ्रिनचे पंपच ओढून नेतात. म्हणून ॲटोमॉक्सेटिन हे औषध फक्त नॉरएपिनेफ्रिनचा पंप अडवत असूनही तिथे दोन्ही रसायनं वाढतात. ते उत्तेजक गटात मोडत नाही आणि पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. ज्यांना मिथाइलफेनिडेट चालत नाही त्यांना डॉक्टर बऱ्याचदा हे देतात.

मग जास्त गोळी म्हणजे जास्त लक्ष का? नाही. येल युनिव्हर्सिटीच्या एमी आर्नस्टेन यांनी अनेक वर्षं यावर काम केलंय. प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं वागणं उलट्या यू अक्षरासारखं असतं. रसायन कमी पडलं तर कॉर्टेक्स ढिला, जास्त झालं तरी कोलमडतो. आमटीतल्या मिठासारखं आहे, अळणीही नको आणि खारटही नको. भीतीने किंवा ताणाने डोकं बंद पडतं तेव्हा हेच होतं, रसायनांचा पूर आलेला असतो. म्हणून डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करून हळूहळू वर जातात, आणि एकाचा डोस दुसऱ्याला लागू पडत नाही.

वेळेचाही हिशोब आहे. साधी मिथाइलफेनिडेटची गोळी साधारण चार तास टिकते. सावकाश विरघळणारी आठ ते बारा तास. "शाळेत शहाण्यासारखा वागतो आणि घरी आला की घर डोक्यावर घेतो" अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा गोळी उतरलेली असते, एवढंच.

'त्याला लागू पडली, म्हणजे एडीएचडीच'

हा तर्क मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलाय. तो चूक आहे, आणि चूक असल्याचं १९७८ पासून माहीत आहे.

त्याआधीची गोष्ट १९३७ ची. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मुलांच्या एका रुग्णालयात काम करत. तिथे तपासणीसाठी मुलांच्या मणक्यातलं पाणी काढायचे, त्याने मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. त्यावर काही उपाय होईल म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे ॲम्फेटामिन देऊन पाहिलं. डोकेदुखीला फार फरक पडला नाही, पण कित्येक मुलं अचानक मन लावून शाळेचा अभ्यास करायला लागली. उत्तेजक औषधाने चळवळी मुलं शांत होतात हे कोडं तेव्हापासूनचं. पुढे समज असा झाला, की या मुलांचा मेंदूच उलटा आहे, म्हणून उत्तेजकाने ती शांत होतात.

१९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी कसलीही अडचण नसलेल्या १४ मुलग्यांना ॲम्फेटामिनचा एकच डोस दिला. तीही कमी हलली, त्यांनीही जास्त लक्ष दिलं. कोड्यातला उलटेपणा संपला. गोळी सगळ्यांवर साधारण सारखंच काम करते. ज्याला जागच्या जागी थांबणं मुळातच अवघड जातं, त्याला त्याचा उपयोग होतो आणि इतरांना विशेष होत नाही, फरक हा आहे. त्यामुळे 'घेऊन बघू, लागली तर आहे' ही चाचणी होऊच शकत नाही. रक्ततपासणी नाही, एमआरआयमध्ये 'एडीएचडी पॉझिटिव्ह' असं काही येत नाही. निदान होतं ते इतिहासावरून. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, आणि घर, शाळा, ऑफिस यांपैकी दोन तरी ठिकाणी त्रास देणारी हवीत.

हॉस्टेलमधली पट्टी

आता तुमच्या-माझ्या वयाचा विषय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आमच्या मजल्यावर एका सीनियरकडे गोळ्यांची पट्टी होती. कुठून आली ते कोणी विचारलं नाही. सबमिशनच्या आठवड्यात त्याच्या खोलीबाहेर हळूच ये-जा व्हायची. एकाने रात्रभर जागून काम केलं आणि सकाळी बघतो तर फाइलचं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकाच सात वेळा सुंदर करून ठेवलेली. आम्ही खूप हसलो होतो.

२०२३ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेला एक अभ्यास वाचला तेव्हा तो मित्र आठवला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४० निरोगी तरुणांना मिथाइलफेनिडेट, डेक्सॲम्फेटामिन, मोडाफिनिल किंवा नुसती साखरेची गोळी देऊन नॅपसॅक प्रॉब्लेम सोडवायला लावले. कॉम्प्युटरवाल्यांना माहीत असेल : पिशवीची वजनाची मर्यादा ठरलेली, वस्तूंचं वजन आणि किंमत दिलेली, जास्तीत जास्त किंमत भरेल अशा वस्तू निवडायच्या. औषध घेतलेल्यांनी जास्त वेळ घालवला, जास्त वेळा वस्तू आत-बाहेर केल्या, आणि त्यांच्या कष्टांचा दर्जा घसरला. जे साखरेच्या गोळीवर सरासरीच्या वर होते, ते औषधावर खाली यायची शक्यता जास्त होती. धडपड वाढली, डोकं नाही.

डिसेंबरचा पेपर याच्याशी जुळतो तो इथे. गोळी 'बक्षीस मिळतंय' अशी भावना आधीच देत असेल, तर मुखपृष्ठ सजवतानाही भारी काम चाललंय असंच वाटणार. त्या पेपरमध्ये आणखी एक निरीक्षण आहे. कमी झोपलेल्या पण गोळी घेतलेल्या मुलांच्या मेंदूचं चित्र पुरेसं झोपलेल्या मुलांसारखं दिसत होतं. ऐकायला छान वाटतं. पण झोप न मिळाल्याचं नुकसान भरून निघालेलं नसतं, फक्त डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझलेला असतो. आणि ज्यांना एडीएचडी नाही आणि झोपही पुरेशी आहे, त्यांना काही फायदा दिसला नाही.

दहावी-बारावी आणि जेईई-नीटचा मोसम आहे म्हणून स्पष्ट सांगतो. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे एनडीपीएस कायद्याखाली येतं. मित्राने दिलेली पट्टी खिशात असणं ही गंमत नाही.

मग उपयोग कसला?

इथे मला गोळीच्या विरोधकांपेक्षा तिच्या भक्तांचा जास्त राग येतो. गोळी दिली की मार्क वाढतील ही आशा बहुतेक आईवडिलांना असते. फ्लोरिडातल्या विल्यम पेलहॅम यांच्या गटाने २०२२ मध्ये एडीएचडी असलेल्या १७३ मुलांचा उन्हाळी वर्गात अभ्यास केला. गोळीवर असताना मुलांनी मिनिटाला ३७ टक्के जास्त गणितं सोडवली, वर्गातले नियमही कमी मोडले. पण नवीन धडा किती शिकला, हे तपासलं तर गोळी आणि साखरेची गोळी यांत फरक नव्हता. शिकवणं शिक्षकांनाच करावं लागतं. गोळी फक्त मुलाला बाकावर बसवते.

बाकावर बसणं ही किरकोळ गोष्ट वाटते का? मग हा दुसरा आकडा बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये 'बीएमजे'त स्वीडनमधला एक अभ्यास आला. नव्याने एडीएचडीचं निदान झालेल्या १,४८,५८१ लोकांच्या सरकारी नोंदी घेऊन, औषध सुरू केलेले आणि न केलेले यांची तुलना, जणू चिठ्ठ्या टाकून चाचणी केली असावी अशा पद्धतीने केली. औषध घेणाऱ्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तनाचं प्रमाण १७ टक्क्यांनी कमी, व्यसनाचं १५ टक्क्यांनी, गुन्ह्यांचं १३ टक्क्यांनी आणि वाहन अपघातांचं १२ टक्क्यांनी कमी होतं. नोंदींवरचा अभ्यास आहे, त्यामुळे औषधामुळेच झालं असं शंभर टक्के म्हणता येत नाही. पण दिशा उघड आहे. बाइकवर सिग्नलला एक सेकंद थांबणं, रागाच्या भरात मेसेज पाठवण्याआधी एक श्वास घेणं, हे सगळं त्याच 'थांब' बटणाचं काम आहे. मार्कांपेक्षा हे कितीतरी मोठं आहे.

तोटेही आहेत. भूक मरते, झोप उशिरा लागते, डोकं दुखतं, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो, काही मुलांची उंची जरा कमी वेगाने वाढते. म्हणून वजन-उंचीची नोंद लागते. आणि परिणाम आपोआप कायम टिकतो असंही नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या एमटीए या प्रसिद्ध अभ्यासात १४ महिन्यांनी औषधाचा गट लक्षणांच्या बाबतीत पुढे होता, पण तीन वर्षांनी गटांमधला फरक उरला नव्हता. ठरल्याप्रमाणे उपचार देणं १४ महिन्यांनी थांबलं होतं आणि पुढे कुटुंबांनी आपापला मार्ग धरला होता. त्यामुळे याचा अर्थ काय लावायचा यावर तज्ज्ञ अजून भांडतात.

तिकडे क्लिकवर, इकडे दोन प्रतींत

अमेरिकेत कोविडच्या काळात व्हिडिओ कॉलवर उत्तेजक औषधं लिहून द्यायला सूट मिळाली. त्यातून काही स्टार्टअप फोफावले. जून २०२४ मध्ये 'डन' या कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. सरकारचा आरोप असा, की सबस्क्रिप्शनच्या नावाखाली ॲडरॉल आणि तत्सम ४ कोटींहून जास्त गोळ्या वाटल्या गेल्या आणि १० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली गेली. याच काळात, ऑक्टोबर २०२२ पासून, ॲडरॉलचा तुटवडाही जाहीर झाला होता. खरे रुग्ण या दुकानातून त्या दुकानात फिरत होते.

आपल्याकडे दुसरं टोक. मिथाइलफेनिडेट हे 'शेड्यूल एक्स'मधलं औषध. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, आणि त्यासाठी दुकानाचा वेगळा परवाना लागतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ही औषधं फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर लिहून देताच येत नाहीत. ॲडरॉल आपल्याकडे मिळतच नाही. 'डन'सारखं प्रकरण इथे होणं अवघड, हा त्याचा फायदा. पण तालुक्याच्या गावातल्या आईला दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी जावंच लागतं. एक दिवसाची रजा, एसटीचं भाडं, मुलाची बुडालेली शाळा. पहिलं निदान समोरासमोर आणि नंतरची चिठ्ठी व्हिडिओवर, इतकी तरी वाट काढता यावी असं मला वाटतं. एकेका गोळीचा हिशोब ठेवणारी डिजिटल चिठ्ठी बनवणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. यूपीआय चालवणाऱ्या देशाला तर नाहीच.

आणि या अडथळ्यांतून गोळीपर्यंत पोचतो कोण? बहुतेक वेळा वर्गात धुमाकूळ घालणारा मुलगा. मागच्या बाकावर शांतपणे खिडकीबाहेर बघणारी मुलगी कोणाच्या नजरेत येत नाही. "हुशार आहे, पण आपल्याच तंद्रीत असते" असं तिच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी येतं. पंचविशीत ऑफिसात तिसऱ्यांदा डेडलाइन चुकल्यावर ती रील बघते आणि म्हणते, अरे, ही तर मी.

रीलवरून शंका येणं वाईट नाही. पण कॅनडात २०२२ मध्ये टिकटॉकवरचे एडीएचडीचे सर्वाधिक गाजलेले १०० व्हिडिओ तपासले, तेव्हा त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. चावी विसरणं, रात्री स्क्रोल करत बसणं, कंटाळा येणं, हे सगळ्यांचंच असतं. फोनमुळे एडीएचडी होतो का, असंही विचारलं जातं. लॉस एंजेलिसमधल्या अडीच हजारांहून जास्त किशोरांवर दोन वर्षं ठेवलेल्या देखरेखीत जास्त डिजिटल वापर आणि नंतरची लक्षणं यांत संबंध दिसला, पण तो माफक होता, आणि कारण-परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. शंका असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

रात्रीचा फोन

मावशीला यातलं निम्मंही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की गोळी खोटी नाही, पेपरही तसं म्हणत नाही. ती त्याला हुशार करत नाही, थांबायला मदत करते. बंद करायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरव, व्हॉट्सॲपवरून नको.

मग मी विचारलं, "मावशी, तो झोपतो किती वाजता?"

ती जरा थांबली. "साडेअकरा होतात रे. क्लासवरून येतो आठला, मग जेवण, मग गृहपाठ. मग थोडा वेळ माझ्या मोबाइलवर."

"आणि उठतो?"

"सहाला. सात वाजता शाळा ना."

साडेसहा तास. या वयाला नऊ तरी हवेत. गोळीने झोप पळते की मोबाइलने, की आधीपासूनच कमी होती आणि चळवळ्या वागण्यातला काही भाग त्याचाच आहे, हे मला फोनवर कळणार नाही आणि मथळ्यावरून तर कोणालाच नाही. दुपारची गोळी किती वाजता देते तेही तिने सांगितलं, कधी एकला, कधी शाळेतून आल्यावर चारला. मी म्हटलं, पंधरा दिवस वहीत रोज लिहून ठेव आणि तीच वही डॉक्टरांपुढे ठेव.

दुसऱ्या दिवशी वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आला. रकाने आखलेले : झोपला, उठला, गोळी, जेवला का, वजन. खाली मेसेज, "अजून काही?"

मी लिहिलं, "उंची."